बॉडी हसली तो शॉट

“बॉडीला पाणी द्या रे कुणीतरी! चक्कर येईल तिला उन्हानं!” मी ओरडले आणि जीभ चावली. मागंच, छत्रीखाली, इंदूमावशी बसल्या होत्या. ती बॉडी त्यांच्या लेकीची होती.

म्हणजे लेकीचं काम करणाऱ्या नटीची. मी टीव्हीवरच्या क्राइम शोची असिस्टंट डायरेक्टर. एकाच माणसानं केले असावेत, पण तो कधी सापडलाच नाही, अशा खुनांची आमची मालिका. चिकलठाण्याच्या कंपनीतून घरी निघालेल्या तिघी बाया मुकुंदवाडीच्या अलीकडं रुळालगत सापडल्या होत्या. शेवटची मावशींची सुनीता. घडलेलं नटांकडून पुन्हा करवून घेतात, त्याला आम्ही रिक्रिएशन म्हणतो. मावशींनी परवानगी दिली ती एवढ्याच आशेवर, की बघून कुणाला काही आठवेल आणि तपास पुन्हा चालू होईल.

घरच्यांना सेटवर आणू नका, असं मी डायरेक्टर सरांना बजावलं होतं. पण मावशी कुठल्या ऐकतात!

“लेक माझी हाय. नीट दावताय का नाय, बघाया मी येणारच.”

शेवटचा शॉट झाला. कट. आता आमच्या लाइनीत एक रीत आहे. मेल्याचं काम केलेल्या नटाला लगेच उठवायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायला लावायचं. अपशकुन टळावा म्हणून. तो तुकडा दाखवत नाहीत. कॅमेरामन म्हणाला, “चल गं, हस!” पोरगी उठली, पिवळ्या ड्रेसवरची माती झटकली आणि खळखळून हसली. सुनीताचाही तसलाच ड्रेस होता, मावशींनीच रंग सांगितला होता.

मावशी पदर तोंडात कोंबून उभ्या राहिल्या. मग तिच्याजवळ गेल्या, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. युनिटमधलं कुणी वर बघेना.

“सर, तेवढं एपिसोडच्या शेवटी ठेवू या का?”

“वेडी का काय तू? क्राइम शोमध्ये बॉडी हसते का कुठं?”

खरं होतं त्यांचं.

एपिसोड लागला. स्क्रीनवर माहिती देण्यासाठी नंबर दिला होता. फोन पुष्कळ आले, पुढचा भाग कधी म्हणून विचारणारे. कामाचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशींचा आला. मला वाटलं, तपासाचं विचारतील.

“ताई, समद्या गल्लीनं बघितलं. पण ती उठून हसली, ते का नाय दावलं?”

“मावशी, ते दाखवत नसतात.”

“व्हय? मला वाटलं, माझ्यासाठीच केलं व्हतं तुमी.”

तपास आहे तिथंच आहे. नव्या असिस्टंटांना मी एवढंच शिकवते: घरच्यांना सेटवर आणू नका. आणलंच, तर बॉडी उठवायच्या आधी त्यांना चहाला घेऊन जा.