थेल्मानं लावलेलं फाटक

थेल्मा आयव्हसन माझ्या चहाच्या दुकानात येते ती नेमकी मी फरशी पुसून झाल्यावर. रविवारची सायकल फिरवून आलेली असते, गुडघ्यापर्यंत चिखल असतो, आणि तशीच ती खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसते. तिला बोलून उपयोग नाही. चिखल नाही म्हणजे रविवार फुकट गेला, असं तिचं म्हणणं. मग फ्रूट केक मागायचा आणि त्यावर आमच्याकडे ठेवतात तो चीजचा तुकडा जाड कापला नाही म्हणून मलाच टोमणा मारायचा.

आमच्या स्कारबेक गावच्या शाळेत तिनं जन्मभर मुलांचं जेवण रांधलं. निवृत्त झाल्यावर बायका बागेतल्या गुलाबांकडे वळतात; ही ग्रॅव्हल सायकलकडे वळली. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र जाड, खडीच्या नि मातीच्या वाटांवर चालतील असे. आमच्या खोऱ्यात अशा वाटांना तोटा नाही. दगडी कुंपणांमधून, मेंढ्यांच्या कुरणांवरून त्या डोंगरावर चढतात आणि पलीकडे उतरतात. सपाट असं काही नाहीच. थेल्मानं या वाटा जोडून जोडून फेऱ्या आखल्या आणि लोक तिच्यामागे निघू लागले. पुढे थोडासा चढ आहे, असं ती म्हणाली की जाणती माणसं आधीच खाली उतरून सायकल ढकलायला लागतात. परवा पाद्री चर्चच्या छपराला थोडासा खर्च आहे म्हणाले, तर मागून कुणीतरी विचारलं, आपल्या मापानं की थेल्माच्या?

वर्षातून एकदा, जूनमध्ये, तिची मोठी फेरी असते. लीड्सहून, केंडलहून माणसं येतात. या फेरीचा जीव आहे मेंढ्या पाळणाऱ्या विल्फ रेस्ट्रिकच्या डोंगरावरची वाट. दोन्ही बाजूंच्या घोडेवाटांवर सायकलींना कायद्यानं मुभा आहे, पण त्या दोहोंना जोडणारा मधला तुकडा विल्फच्या मालकीचा. तिथं कायदा नाही, विल्फचा शब्द. तो तुकडा गेला तर खाणीच्या ट्रकांच्या गर्दीतून हमरस्त्यानं जावं लागतं, म्हणजे फेरी संपलीच. थेल्मानं कितीतरी वर्षं त्याच्या मागे लागून तो शब्द मिळवला होता. विल्फची अट एकच होती, माझ्या फाटकांशी खेळ नको. म्हणून दर फेरीच्या आधी थेल्मा बाकावर चढून सगळ्यांना बजावायची: फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की तिच्याबरोबर तेही पुटपुटायचे.

यंदाचा मे कोरडा गेला. फेरी जवळ आली म्हणून थेल्मा एकटीच सगळी वाट बघून आली. त्यानंतर दोनच दिवसांनी विल्फच्या वाटेवर साखळी लागली आणि सायकलींना बंदी अशी पाटी. वरच्या कुरणातल्या त्याच्या मेंढ्यांना पाणी प्यायला खाली ओढ्यावर यावं लागतं, म्हणून त्यानं मधलं फाटक मुद्दाम उघडं ठेवलं होतं. कुणीतरी ते लावून टाकलं. मेंढ्या पिल्लांसकट एक रात्र आणि दिवसभर उन्हात तहानलेल्या राहिल्या. काहींचं दूध आटलं, आणि पिल्लं आता विल्फच्या स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पीत होती. फाटकापाशी टायरच्या खुणा होत्या.

माझ्या दुकानात निकाल लगेच लागला: लीड्सवाले. त्याच आठवड्यात भडक कपड्यांतली एक टोळी येऊन गेली होती आणि त्यांनी चहात घालायला गाईचं नको म्हणून ओटचं दूध मागितलं होतं. आमच्या खोऱ्यात एवढा पुरावा पुष्कळ झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आमच्याइतके तत्पर लोक मी पाहिले नाहीत.

थेल्मानं मात्र केकला हात लावला नव्हता. सगळे गेल्यावर म्हणाली, "मीच लावलं ते."

मला आधी खरं वाटेना. मग तिनं सांगितलं. ती वाढली शेतावर. चालायला लागल्यापासून तिच्या कानांवर एकच गोष्ट, फाटक लाव. फेरीत दहा माणसं बरोबर असली की ती सावध असते; त्या दिवशी एकटी होती, संध्याकाळी सॉसेज करावेत की अंडी, या विचारात होती, आणि हातानं आपलं काम केलं. जित्याची खोड. फाटकाचा खटका बसेना म्हणून तिनं टाचेनं ठोकलासुद्धा, आणि बसल्यावर तिला बरं वाटलं होतं.

मी तिला स्पष्ट सांगितलं, हात दाखवून अवलक्षण करू नकोस. विल्फ चार दिवसांनी थंड होईल. लीड्सवाल्यांना तर पत्ताही नाही. तू कबूल केलंस तर तो शब्द कायमचा गेला, आणि तुझी फेरीही गेली.

"आणि जूनमध्ये बाकावर चढून मी काय सांगू?" ती म्हणाली. "फाटक जसं दिसेल तसं ठेवा? कुठल्या तोंडानं सांगू गं?"

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून विल्फकडे नेलं. सायकलवरून त्याच्या अंगणात शिरायची तिला लाज वाटत होती. विल्फ स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, मांडीत पिल्लू आणि हातात बाटली. थेल्मा दारातच उभी राहिली.

"लीड्सच्या पोरांना शिव्या देणं थांबव, विल्फ. फाटक मी लावलं."

त्यानं वर पाहिलं नाही. "तू?"

"मी."

"तुला काही कळतं की नाही?"

"कळतं. म्हणून तर आले."

मग विल्फनं बाटली तिच्यापुढे धरली आणि धर म्हणाला. ती खाली बसली, पिल्लू मांडीवर घेतलं. विल्फनं चहा टाकला. आमच्याकडे पाठ करूनच त्यानं विचारलं, फाटक उघडं राहिलं तर तुझा बाप जेवायला द्यायचा का? थेल्मा म्हणाली, नाही. विल्फ म्हणाला, माझाही द्यायचा नाही.

चहा झाल्यावर त्यानं निकाल दिला. "फेरी माझ्या वाटेनं जाऊ दे. पण त्या फाटकाशी दिवसभर माणूस उभं पाहिजे, आणि ते माणूस तू. सायकलीवर नाही. पायांवर."

थेल्माचा चेहरा मला बघवेना. विल्फच्या वाटेपलीकडचा तो लांबच लांब उतार, खालचं अख्खं खोरं समोर आणि कानांत वारा, त्याच्यासाठीच मी वर्षभर डोंगर चढते, असं ती नेहमी सांगायची. पण ती बरं म्हणाली.

जूनमध्ये ती सकाळपासून उघड्या फाटकाशी उभी राहिली. येणारा प्रत्येक जण विचारी, आज तुम्ही सायकलीवर का नाही? ती प्रत्येकाला खरं काय ते सांगत होती. बाकावरून सांगितलेलं कुणी इतकं ऐकलं नसेल. लीड्सवाले आले तेव्हा तिनं त्यांना बाजूला घेऊन माफी मागितली. आपल्यावर आळ होता हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिला एक केळं दिलं आणि गेले. खाली दुकानात मी त्यांच्यासाठी ओटचं दूध आणून ठेवलं होतं.

दुपार कलल्यावर मी थर्मास घेऊन तिला आणायला वर गेले. शेवटचा सायकलवाला उतारावर दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात विल्फ आला. त्यानं फाटक पाहिलं, ओढ्यावर उतरलेल्या मेंढ्या पाहिल्या, डोळ्यांनी मोजल्याही असतील.

"पुढच्या वर्षी इथं दुसरं कुणीतरी उभं कर," तो म्हणाला.

"का? मी नीट उभी नव्हते?"

"दिवसभर बडबड. मेंढ्या पाण्यावर यायला घाबरत होत्या. तू आपली सायकल चालव."

पुढच्या वर्षी, म्हणजे फेरीला पुढेही मुभा, हे मला कळायला एक क्षण लागला. तिला लगेच कळलं. तिनं तोंड कुंपणाकडे वळवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"तोवर माझं वय किती होईल," मग ती म्हणाली. "तो उतार झेपेल का मला?"

"मग हळू चालव," विल्फ म्हणाला, आणि मेंढ्यांकडे निघून गेला.