केल नोस्केच्या गाडीचा उपास

"बॅटरी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो तिचा मालक."

केल नोस्के हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी ते आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचा. समोर कुणीतरी कॅरॅव्हॅनवाला, म्हणजे गाडीमागं चाकांवरचं घर ओढत फिरणारा, उभा असायचा. आम्ही काही फार वीज वापरत नाही, एक दिवा आणि थोडासा फ्रिज, असं तो सांगत असायचा. तोवर केलनं गुडघे टेकून बाकाखालचं झाकण काढलेलं असायचं आणि मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीला लावलेल्या असायच्या. मान वर न करता तो विचारायचा, "आणि केस वाळवायचं यंत्र कुणाचं? कुत्र्याचं?"

क्वॉर्न गावाच्या उत्तरेला गव्हाची शेतं संपतात आणि करड्या, खारट झुडपांचा माळ सुरू होतो. तिथं केलची पत्र्याची शेड होती. तिच्यापुढं विजेचे खांब विरळ होत जातात आणि मग नसतातच. घरदार बंद करून, कॅरॅव्हॅन गाडीमागं जोडून वर उत्तरेला निघालेली म्हातारी जोडपी म्हणूनच केलच्या दारात थांबायची. बॅटरी बदलून घ्यायची, छपरावर सोलर पॅनल बसवून घ्यायची. केल सगळ्यात आधी वायर बघायचा. "बॅटरी म्हशीएवढी, पॅनल दाराएवढं, आणि मधली वायर सुतळी," असं म्हणून तो ती ओढून बाहेर काढायचा आणि बोटाएवढी जाड वायर घालायचा.

त्याचा एक नियम सगळ्या जिल्ह्यात ठाऊक होता. काम झालं की गाडी लगेच न्यायची नाही. शेडमागच्या उघड्या माळावर ती तीन दिवस उभी करायची, बाहेरून जोडलेली वीज तोडायची आणि नवराबायकोनं आतच राहायचं. जेवण, अंघोळ, रेडिओ, सगळं तिथंच. त्या तीन दिवसांत हत्यारांची पेटी उघडायची नाही. चौथ्या सकाळी बॅटरी अर्ध्याच्या वर असली तर खुशाल जा. लोक याला केलचा उपास म्हणायचे.

उपासात भलेभले उघडे पडायचे. अॅडलेडचं एक जोडपं होतं. माळाच्या कडेला एकच मोठं निलगिरीचं झाड, त्याखाली त्यांनी गाडी लावली. दुसऱ्या संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले. बाई शेडमध्ये येऊन तणतणली, की काम कच्चं केलंस. केलनं तिला हाताला धरून झाडाखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. "सावली तुला पाहिजे की गाडीला? खुर्ची झाडाखाली टाक, बाई. गाडीला उन्हात तापू दे." पुढच्या वर्षी त्या बाईनं त्याला लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या आणून दिल्या.

हा माणूस बसलेला कुणी पाहिला नव्हता. चहा तो चालत प्यायचा, बिटाचं सँडविच उभ्यानं खायचा. चर्चमध्ये सगळ्यात मागं दारापाशी उभा असायचा आणि शेवटच्या भजनाआधीच बाहेर. पायाला चाक आणि जायचं मात्र कुठंच नाही. त्याची सगळी तगमग शेड ते घर या चाळीस पावलांत चालायची. जवळच्या पोर्ट ऑगस्टा शहराच्या पलीकडं गेल्याला त्याला अकरा वर्षं झाली होती.

त्याची स्वतःचीही कॅरॅव्हॅन होती, सोळा फुटी, जुनी, दुधी रंगाची. तिची वायरिंग त्यानं तीनदा बदलली होती. आधी शिशाच्या दोन बॅटऱ्या, मग त्या काढून लिथियमची, मग दुप्पट पॅनल, मग आणखी जाड वायर. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, यंदा निघू. दर हिवाळ्यात काहीतरी राहिलेलं असायचं.

त्याची बायको रेलीन. तिनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती, रोज सकाळ-संध्याकाळ तोच ऐंशी किलोमीटरचा फेरा. निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती. उत्तरेला मिठाचं भलंमोठं तळं आहे. वर्षानुवर्षं ते कोरडं असतं. मग कधीतरी दूर क्वीन्सलंडात पाऊस होतो, ते पाणी आठवडेच्या आठवडे माळावरून सरकत खाली येतं आणि तळं भरतं. कुठून कुठून पेलिकन पक्षी उतरतात. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मागच्या वेळी भरलं तेव्हा केल एका सुट्या भागाची वाट बघत बसला. भाग आला तोवर पाणी आटलं होतं. रेलीननं ते पाणी पोस्टाच्या भिंतीवर लावलेल्या फोटोत पाहिलं.

यंदा पुन्हा भरल्याची बातमी आली. त्या गुरुवारी केल उभ्यानं जेवत होता. रेलीननं शांतपणे सांगितलं, की सोमवारी सकाळी ती निघणार. आणि त्याआधी आपल्या गाडीचा उपास करायचा.

केल म्हणाला, आपल्या गाडीला कशाला उपास? तिची तार न् तार मला पाठ आहे.

"गावाला उपास घडवलास. घरच्या गाडीला सूट होय?"

शुक्रवारी सकाळी तिनं स्वतः कॅरॅव्हॅन मागं मागं घेत माळावर लावली, एका दमात, मागं वळूनही न बघता. बसवालीच ती.

पहिला दिवस केलला फार जड गेला. दारात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर रेलीन विणकाम घेऊन बसली. दुसरी रिकामी. केल दर दहा मिनिटांनी आत जाऊन भिंतीवरचा आकडा वाचायचा. बॅटरी शंभरातली किती भरलेली आहे, ते त्या आकड्यावरून कळायचं. शंभर. अठ्ठ्याण्णव. पुन्हा शंभर. मधेच त्याला चाकाजवळचा अर्थिंगचा बोल्ट सैल वाटला. पेटी आणायला तो निघाला तेव्हा रेलीननं नियमाची आठवण करून दिली. नियम त्याचाच. तो परत आला आणि बोल्ट बोटानं चाचपत राहिला. बोल्ट घट्ट होता. संध्याकाळी गॅसवर मटणाच्या बरगड्या भाजल्या. त्या त्यानं गाडीभोवती फिरत खाल्ल्या.

शनिवारी सकाळी आकडा ब्याऐंशी होता, दुपारी पुन्हा शंभर. एवढी चांगली गाडी त्या माळावर आजवर उभी राहिली नव्हती. ही गोष्ट केलला सगळ्यात आधी कळली, आणि का कोण जाणे, त्याचं तोंड उतरलं. काम जमल्याचा आनंद त्याला कधीच फार वेळ पुरत नसे. जमलेल्या कामाकडं बघत बसायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग दुपारून पश्चिमेकडून ढग आले आणि ऊन झाकलं गेलं. पॅनल गप्प पडली. दिवस मावळेतो आकडा चौसष्टावर आला. केल आतून ओरडतच बाहेर आला. डोळे चमकत होते, पाय नाचत होते. बघ, मी म्हणत नव्हतो? अजून एक बॅटरी पाहिजे, छपरावर पुढच्या बाजूला एका पॅनलची जागा आहे, पंधरा दिवसांचं काम. तो पेन्सिल शोधायला लागला.

रेलीननं विणकाम मांडीवर ठेवलं.

"चौसष्ट म्हणजे अर्ध्याच्या वर की खाली?"

"वर. पण अजून दोन दिवस असेच ढग आले तर..."

"अॅडलेडवाल्या बाईला काय सांगितलं असतंस?"

बाईला त्यानं दिवा कमी लाव, चहा गॅसवर कर आणि सूर्य उगवायची वाट बघ, असं सांगितलं असतं.

"गाडी पास झाली, केल," ती म्हणाली. "तू नाही झालास."

तो पायरीवर टेकला. बसला असं म्हणता येणार नाही, एक पाय जमिनीवर होताच. पलीकडं डोंगर जांभळे पडत चालले होते. सापडलेली पेन्सिल तो बोटांत फिरवत राहिला.

"रेली, तिथं काहीच बिघडलं नाही तर मी काय करू?"

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चाळीस वर्षं बिघडलेलं काहीतरी हातात घेऊन हा माणूस सकाळी उठत आला होता. लोक दारात यायचे ते त्यासाठी. तळ्याकाठी त्याला कोण ओळखणार होतं?

"काय करायचं ते मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी बस चालवायची सोडली तेव्हा महिनाभर साडेसहाला उठून बसच्या किल्ल्या शोधत होते. कुणाला सांगितलं नाही."

केलला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं. त्या सकाळी केल खुर्चीवर खरंच बसला, मोजून वीस मिनिटं. तेवढ्यात शेडपाशी गाडी थांबली. शेजारचा मेंढपाळ डग शिर्मर त्याच्या गाडीतला छोटा फ्रिज घेऊन आला होता. चालत नाही, म्हणाला. पाच मिनिटांत आलो, असं सांगून केल उठला, तो परतला उन्हं कलल्यावर. दुसरी खुर्ची रेलीननं घडी करून आत ठेवली.

सोमवारी सकाळी आकडा एकोणऐंशी होता. रेलीननं कॅरॅव्हॅन गाडीला जोडली, साखळ्या अडकवल्या, पाण्याची टाकी भरून घेतली. केल म्हणाला, डगचं काम अडलंय, आणखी दोघांचं आहे, पुढच्या आठवड्यात निघालो तर? ती म्हणाली, पाणी काही आपल्या कामांसाठी थांबत नाही. रागानं म्हणाली नाही. मग तो रिवाजाप्रमाणे कॅरॅव्हॅनच्या मागं जाऊन उभा राहिला, आणि तिनं एकेक दिवा लावून दाखवला. डावा. उजवा. ब्रेक. तिन्ही लख्ख पेटले. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून तो खिडकीशी येऊन म्हणाला, फ्रिजचं दार नीट लाव.

"लावलंय. दोन किलोमीटरवर रस्त्यात गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे ना, तिथं थांबेन. चाकांचे नट बघेन, एक कप चहा घेईन. मग जाते."

तिनं एवढंच सांगितलं. ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि तांबडी धूळ उडवत उत्तरेला वळली.

केल शेडमध्ये आला. डग फ्रिज न्यायला येऊन थांबला होता. फ्रिजला काय झालंय ते केलनं रविवारीच ओळखलं होतं. एक फ्यूज गेला होता, बस्स. तो त्यानं मुद्दाम बसवला नव्हता. सोमवारी हाताला काहीतरी असावं म्हणून ठेवला होता. रविवारची सगळी दुपार त्यानं स्क्रू पुसण्यात घालवली होती. आता त्यानं फ्यूज बसवला. फ्रिज घुरघुरायला लागला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच होतं होय?" डगनं विचारलं.

"एवढंच होतं," केल म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं चपापला. टेबलावर आणखी दोघांची कामं होती. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, पण हात लावला नाही. कापडाला हात पुसले, खुंटीवरची टोपी घेतली आणि तो बाहेर पडला.

डग फ्रिज गाडीच्या मागच्या हौद्यात चढवत होता. त्याला केल रस्त्यानं जाताना दिसला. फाटक लावायला चालला असेल, असं त्याला वाटलं. केल फाटकापर्यंत गेला, फाटकातून बाहेर पडला आणि फाटक उघडंच टाकून उत्तरेला वळला. चाळीस वर्षांत डगनं या माणसाला फाटक उघडं टाकताना पाहिलं नव्हतं. हातात पेटी नव्हती, मीटर नव्हता, काहीच नव्हतं. दूर जाळीपाशी धूळ खाली बसली होती आणि पुढं उठली नव्हती, म्हणजे तिथं गाडी अजून उभी होती. डगचा हात किल्लीकडं गेला, की त्याला गाडीत बसवून जाळीपर्यंत सोडावं. मग त्यानं तो मागं घेतला. चालू दे त्याला. तो हौद्याच्या फळीला टेकला आणि केलची टोपी खारट झुडपांवरून लहान लहान होत जाताना बघत राहिला.