मिरचीचं उदाहरण माझं

१६ जानेवारी. खळ्यावर पसरलेल्या मिरच्या उलटवायच्या होत्या.

धाकटी बहीण संक्रांतीला पुण्याहून आली होती. ती तपकिरी बटुताऱ्यांच्या वातावरणाचा अभ्यास करते. मी गावच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मुख्याध्यापकांनी मला न विचारता माझ्याच वर्गात त्या दुपारी तिचं व्याख्यान ठेवलं होतं. वर्षभर खडू मी झिजवायचे आणि शाल हिला.

"काब्र तोंड वाकडं करी ऱ्हायनी? बहीनच शे ना तुन्ही!" आई ओट्यावरून म्हणाली.

"ऊन लागी ऱ्हायनं," मी म्हणाले.

बहीण नाकाला ओढणी लावून माझ्याबरोबर मिरच्या उलटवत होती. पोरांना कसं समजवावं, हे तिला सुचत नव्हतं.

"ताई, बटुतारा म्हणजे ना धड तारा, ना ग्रह. ताऱ्यासारखा पेटत नाही. आतल्या उबेवर असतो, हळूहळू निवत जातो. एकटा असला तर हवेत ढग कुठे धरायचे, ते ती ऊबच ठरवते. पण तापलेल्या ताऱ्याला अगदी खेटून फिरत असेल, तर एकच बाजू कायम त्या ताऱ्याकडे राहते. तिकडची वरची हवा खालच्यापेक्षा जास्त तापते, तिथले रेणू तुटतात. मागची बाजू मात्र अंधारात, गार."

"म्हणजे न उलटवलेली मिरची. वरून कडक, खालून ओली."

तिच्या हातातली मिरची तशीच राहिली. "वा, ताई!"

दुपारी वर्गात तिने फक्त तेच मिरचीचं उदाहरण सांगितलं. माझं नाव नाही. टाळ्या मात्र कडकडून. माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारी पोरगी उठून पहिल्या बाकावर गेली. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, असं सोपं करून शिकवायला पाहिजे, बघा."

घरी येताना बहीण म्हणाली, "तुझं नाव घ्यायचं राहूनच गेलं गं."

"राहू दे. शाल सांभाळ, तिखट लागेल."

जेवताना माझ्या लक्षात आलं, उदाहरण लंगडं होतं. पसरलेल्या मिरचीला स्वतःची ऊब कुठे असते? आणि ऊब नसेल तर तो बटुतारा कसला? हिने निम्मंच सांगितलं होतं. मी आणखी एक भाकरी घेतली.

आमच्याकडे तोडून आणलेली मिरची लगेच पसरत नाहीत. रंग धरावा म्हणून आधी ढीग करून झाकून ठेवतात. तो ढीग आतून तापतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नववीचा वर्ग खळ्यावर आणला आणि एकेकाला कडेच्या झाकलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायला लावला.

"मॅडम, मधून गरम शे!" पहिल्या बाकावर गेलेली तीच पोरगी ओरडली.

"ही त्याची स्वतःची ऊब. वरून ऊन पडतंय, ती परकी. बटुताऱ्याच्या हवेत या दोन्ही भांडतात. काल ही आतली सांगायची राहिली. उदाहरण माझं आहे, म्हणून त्यातली खोटही मीच सांगते."

बहीण ओट्यावर चहा पीत ऐकत होती. कोणी डोळ्याला हात लावायच्या आत मी सगळ्यांना नळावर रांगेत उभं केलं, आणि साबण तिला आणायला सांगितला.