फाटकावरच्या पताका

माझ्यासारख्याने लिहायला बसावं का, हे मला अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे काही चुकलं तर माफ करावं.

कर्वेनगरच्या एका सोसायटीत मी भाड्याने राहतो. खोलीचा करार मेअखेर संपत होता. आपण लोकांच्या नजरेत चांगले राहावं म्हणून महाराष्ट्र दिनाला फाटक सजवायचं काम मी मागून घेतलं. घोटीव कागद कापले, मैद्याची खळ शिजवली आणि तिरंगी पताका चिकटवायला लागलो. पांढऱ्या पट्टीवर निळं चक्र होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी काका बघत उभे होते. त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग पुन्हा आडनाव.

“निळा बराच वापरलास.”

“चक्राला लागतो, काका.”

“हो, चक्र आम्हीही पाहिलंय.”

मग त्यांनी अगदी जवळून फोटो काढले आणि तिथेच कुणाला तरी पाठवले.

फोटो घरमालकांनाच गेले असणार, असं मला वाटलं. पुढे महिनाभर काका जिन्यात बोलता बोलता थांबले, की माझाच विषय असेल असं वाटायचं. आईला मी दुसरी खोली शोधतोय असंही सांगून टाकलं.

शेवटी घरमालकांचा फोन आला.

“सेक्रेटरींनी फोटो पाठवले होते. म्हणाले, मुलगा कामाचा आहे, सोडू नका. पण काल म्हणाले, फाटकावरची खळ निघत नाहीये, तेवढी त्याच्याकडून खरवडून घ्या. तर आपण पुन्हा अकरा महिन्यांचा करार करू या.”