दुपारचा तांबडा उजेड

मुलीनं पुण्याहून पाठवलेलं खोकं आलं, तेव्हा मी पडवीत बसून एका ब्लाउजला हुक लावत होते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी गारवा पडायला लागला होता आणि गारव्याबरोबर माझे गुडघे बोलायला लागले होते. तीस वर्षं मी घरी शिवणक्लास चालवला. भाट्याच्या पुलापलीकडे, पावसच्या रस्त्याला आमचं घर. आसपासच्या वाड्यांतल्या किती मुली माझ्याकडे शिवण शिकून गेल्या. पायमशीन चालवून चालवून गुडघे झिजले, असं डॉक्टर म्हणाले. क्लास बंद केला, तरी दुखणं काही गेलं नाही.

खोक्यातून पाटीएवढा एक दिवा निघाला. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खच्चून भरलेले बारीक बल्ब होते. सोबत एक स्टँड आणि काळ्याभोर काचांचे दोन गॉगल. मुलगी मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून सांगत होती.

"आई, दुखण्यावर ह्याचा तांबडा उजेड घ्यायचा. गुडघ्यापासून हातभर लांब ठेव. दहा मिनिटं, जास्त नाही. गॉगल घातल्याशिवाय बसायचं नाही. आणि बाबांच्या खांद्यालाही दे."

"माझ्या खांद्याला काय झालंय?" माझे यजमान स्टँडचे स्क्रू आवळत म्हणाले.

"बाबा, तुम्ही शर्ट घालताना मी बघितलंय."

हे पुढचा स्क्रू आवळू लागले. माझ्या तोंडी ते कायम 'हे'च राहिले, इथंही तसंच लिहिते. चौतीस वर्षं हे बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. नऊ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी. दोन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नाही. फोनवर बोलायची होती. पाऊस झाला का, कलमं मोहरली का, मुलीचा ताप उतरला का, एवढं विचारून व्हायच्या आत फोन कट व्हायचा. आता माणूस दिवसभर समोर आणि विचारायला काही नाही. हे कलमांच्या बुंध्याशी काहीतरी करत बसायचे, मी पडवीत. जेवताना मी विचारायची, "आमटी वाढू?" हे म्हणायचे, "अर्धी वाटी."

दिवा लावायच्या आधी मी आमच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "लावा. काही जणांना बरं वाटतं. जादू समजू नका आणि व्यायाम सोडू नका." तेवढ्यावर आम्ही सुरुवात केली.

वेळ ठरली दुपारची, जेवणानंतरची. त्या वेळी आमच्याकडे सगळं थांबलेलं असतं. रस्त्यावर गाडी नाही, वाऱ्याला आवाज नाही, माडाची झावळीसुद्धा हलत नाही. मधल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या आणि ह्यांनी बटण दाबलं.

गॉगल चढवायच्या आधी मी एकदा खोलीकडे बघितलं. माझं आयुष्य रंगांत गेलं. एका हिरव्याच्या सात छटा मी न चुकता वेगळ्या सांगते. आणि त्या उजेडात एकही रंग जागेवर नव्हता. कोनाड्यातल्या दोऱ्यांच्या रिळांमधली निळी आणि हिरवी रिळं काळी पडली होती. पांढरी भिंत पाण्यात कुंकू सांडावं तशी झाली होती. माझ्या अंगावरची मोरपिशी साडी कुणा दुसऱ्या बाईची वाटत होती. मग गॉगल लावला आणि सगळंच गेलं. उरली गुडघ्यावरची ऊब. सकाळी लवकर पायरीवर बसलं की कोवळं ऊन पायावर येतं, तेवढीच.

"दहा झाली," हे म्हणाले. हे शेजारी, दिव्याकडे पाठ करून, घड्याळ धरून बसले होते. दिवा आपला आपण वाजून बंद होतो, असं मुलीनं सांगितलं होतं; पण इंजिनरूममधला माणूस यंत्राच्या शब्दावर विसंबत नाही.

चार-पाच दिवस असं चाललं. मग एके दिवशी ह्यांनी गपचूप दुसरी खुर्ची ओढली, सदरा काढला आणि माझं झाल्यावर दिवा आपल्या खांद्याकडे वळवला. ह्यांचं होईपर्यंत मी उठले नाही. उठून करणार काय? भांडी नंतरही घासता येतात. तशी ती सवयच पडली. आधी माझे गुडघे, मग ह्यांचा खांदा, दोघांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. दोन आंधळी माणसं शेजारी शेजारी बसावीत तशी वीस मिनिटं आम्ही बसायचो.

दिसत नसलं की माणूस बोलतो. शिवणक्लासातही मी हे बघितलं होतं. मान खाली घालून टीप मारणारी मुलगी मनातलं जे सांगते, ते समोरासमोर कधी सांगत नाही. ह्यांचंही तसंच झालं.

एकदा हे म्हणाले, "वाळवंटाच्या बाजूनं वारा आला की बोटीवर तांबडी धूळ बसायची. तीन-तीन दिवस. सूर्य असा दिसायचा, डोळे उघडे ठेवून बघता येईल असा. मी ड्यूटी संपवून वर यायचो आणि मला कळायचं नाही, सकाळ आहे का संध्याकाळ."

"मग?"

"मग काय, कुकला विचारायचो. त्यानं चहा दिला तर सकाळ."

मी हसले. हेही हसले असावेत, खुर्ची करकरली.

त्यानंतर रोज थोडं थोडं यायला लागलं. पंख असलेले मासे रात्री डेकवर येऊन पडत आणि सकाळी पायाखाली यायचे. एका बंदरात एवढं धुकं होतं की शेजारच्या बोटीवरची माणसं दिसायची नाहीत, फक्त गाणं ऐकू यायचं. मी डोळे मिटून ऐकायची. अर्धी जागी असायची, अर्धी नाही. कधी वाटायचं खोली हलते आहे, जांभ्या दगडाच्या भिंतींपलीकडे पाणी आहे आणि आम्ही दोघं कुठंतरी निघालो आहोत. चौतीस वर्षं ज्या समुद्रानं हा माणूस माझ्यापासून लांब ठेवला, तो असा दुपारी घरात यायचा आणि मला त्याचा राग येत नसे.

पौषात कलमांना मोहोर आला. खिडक्या बंद असल्या तरी वास आत यायचा. त्या दिवशी ह्यांचा खांदा उजेडात होता आणि श्वास संथ चालला होता. मला वाटलं, झोप लागली.

"तू बघितलं होतंस त्याला?" ह्यांनी विचारलं.

कुणाला, असं मी विचारलं नाही. मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात, रत्नागिरीतल्या हॉस्पिटलात. दीड दिवस जगला. हे तेव्हा समुद्रावर होते आणि पाच महिन्यांनी घरी आले. आले ते बॅग ठेवून विहिरीवर आंघोळीला गेले, परत आले, जेवले. कुणी तो विषय काढला नाही. सासूबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, दमून आलाय, लगेच काही बोलू नकोस. ते 'लगेच' बत्तीस वर्षं पुरलं. ह्यांना काहीच वाटलं नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. त्या समजुतीवर मी संसार केला, दुसरं बाळंतपण केलं, मुलीचं लग्न केलं.

"बघितलं होतं," मी म्हटलं. "काचेच्या पेटीत ठेवला होता, वर बल्ब लावून. पिवळा बल्ब होता. ऊब मिळावी म्हणून. नर्सनं मला खुर्चीत बसवून नेलं. एक हात आत घालू दिला."

"कसा होता?"

"तुमच्यासारखे कान होते. कानांच्या पाळ्या एवढ्याशा. उजेडात आरपार दिसत होत्या."

हे खुर्चीत जरा सावरून बसले. मग सांगू लागले, अगदी सावकाश, एखादं मशीन उघडून एकेक भाग ओळीनं मांडावा तसं.

"रेडिओ ऑफिसरनं खाली येऊन चिठ्ठी दिली. मी ती वाचली आणि ड्यूटी पुरी केली. दुसरं काय करणार, चारही बाजूंना पाणी. त्याच्या आधी महिनाभर मी वर्कशॉपमधल्या लेथवर पितळेचा खुळखुळा करत होतो. भंगारातला तुकडा होता. आत छोटे छर्रे घातले होते. आवाज नीट येईना म्हणून तीनदा उघडला होता. चिठ्ठी आली त्या आठवड्यात तो पुरा झाला होता."

"मग काय केलंत त्याचं?"

"समुद्रात टाकायला वर गेलो. टाकवेना. आमचा कुक गुहागरचा. त्याला मुलगा झाल्याची तार आली होती आणि तो पुढच्या बंदरात उतरून घरी निघाला होता. त्याला दिला. सांगितलं, माझ्याकडे जास्तीचा आहे."

दिवा वाजून बंद झाला. आम्ही दोघांनीही गॉगल काढले नाहीत. मी हात पुढे केला, तो आधी खुर्चीच्या दांड्याला लागला, मग ह्यांच्या मनगटाला. किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. त्या दिवशी घड्याळ कुणी बघत नव्हतं.

पुढचे काही दिवस आम्ही दिव्यासमोर बसलो, पण बोललो नाही. जड वाटलं नाही. खूप दिवसांच्या तापानंतर अंग हलकं होतं तसं वाटत होतं. आठवड्यानं मीच म्हटलं, "तो कुक आता कुठं असतो?"

"घरीच असेल. आगर आहे त्याचं, माडांचं नि पोफळीचं."

"जाऊया."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "कशाला?"

"मला बघायचंय," मी म्हटलं. खुळखुळा बघायचा होता का मुलगा, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

माघात एका सकाळी भाड्याची गाडी करून निघालो. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली आणि पलीकडे तवसाळला उतरलो. गुहागरला पोचलो तेव्हा कुक आमची वाट बघत रस्त्यावरच येऊन थांबला होता. बुटका, टकला माणूस. ह्यांना त्यानं मिठी मारली आणि मला म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्षांत तुमचा फोटोच बघितलाय मी. ह्याच्या कपाटात आत चिकटवलेला असायचा."

ही गोष्टही मला कुणी सांगितली नव्हती.

आगरात गार सावली होती आणि पाटाचं पाणी वाहत होतं. त्याचा मुलगा आमच्यासाठी कोकम सरबत घेऊन आला. बत्तीसचा, उंच, दाढी राखलेला. तिथंच सुपारीचा व्यवसाय बघतो. त्याच्या कपाळावर घाम होता आणि सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं. मी त्या बटणाकडे बघत राहिले. माझा असता तर सुई घेऊन उभ्या उभ्या लावून दिलं असतं. वाईट वाटेल अशी मला भीती होती. पण त्याला बघताना पहिल्यांदाच मला माझं बाळ मोठं झालेलं दिसलं. इतकी वर्षं ते त्या पेटीतच होतं, दीड दिवसाचं.

हे म्हणाले, "मी एक खुळखुळा दिला होता तुला. पितळेचा."

"आठवतो ना," कुक म्हणाला. "ह्यानंच विहिरीत टाकला, दोन वर्षांचा असताना. त्याआधी तिथं घागर पडली होती त्याचं काही नाही, पण खुळखुळ्यासाठी ही दिवसभर रडली." 'ही' म्हणजे त्याची बायको. ती आतून म्हणाली, "आवाज फार गोड होता त्याचा. तसा पुन्हा बाजारात मिळाला नाही."

हे मान खाली घालून सरबत पीत राहिले. कान लाल झाले होते. मग ह्यांनी कुकला सगळं सांगितलं, चार वाक्यांत. कुकनं पेला खाली ठेवला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तू खुशीत होतास," हे म्हणाले.

निघताना मुलानं आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि नारळ-सुपारीचं एक पोतं गाडीत टाकलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. त्यानं मान तशीच खाली ठेवली. आमचं बोलणं त्याला आतून ऐकू आलं होतं का, कोण जाणे.

गुडघ्यांचं विचाराल, तर आता बरे आहेत. जिना चढताना दुखतात, सपाटीवर नाही. दिव्यामुळं का डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामामुळं, ते मी सांगू शकत नाही. ह्यांचा खांदा तसाच आहे, पण हे दुपार चुकवत नाहीत.

एक गोष्ट राहिली होती. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. गुहागरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, दिवा लावता ना रोज, म्हणून. लावतो, असं मी म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. तिला एक भाऊ होता, तो कसा दिसत होता, बाबांनी काय केलं होतं.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"आम्ही एकमेकांनाच सांगितलं नव्हतं."

तिच्याकडे कुठंतरी कुकर शिट्टी देत होता. तिनं तो बंद केल्याचं ऐकू आलं.

"नाव ठेवलं होतं त्याचं?"

"बारसं कुठलं व्हायला? पण मनात होतं एक."

"सांग."

हे दारात येऊन उभे राहिले होते. ते नाव मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मुलीनं ते हळूच दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "मी दादा म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल," दारातून हे म्हणाले.