घोंगडीखाली ऊस

दुष्काळाच्या साली कॉलेजानं मला साखर कारखान्यात ऊस-वाहतुकीच्या कामावर शिकाऊ म्हणून पाठवलं. शिकाऊ विद्यार्थ्यानं वजनकाट्याची खोली सोडायची नाही, सोडली तर दाखला मिळणार नाही, असा नियम होता.

वाटेत आणि रांगेत गाडीवान उसावर घोंगडी पांघरून झोपत आणि बैल आपणच पुढं सरकत. पाळी येईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, ही रीत होती. एका दुपारी एक गाडी काट्यावर आली. वजनाला गाडीवानाला खाली उतरावं लागे. मी हाका मारल्या, पण घोंगडी हलली नाही.

"झोपू द्या की ताई, नवरदेव हाय त्यो," मागचा गाडीवान हसला.

दाखला गेला तर गेला, म्हणत मी बाहेर आले, चाकावर चढले आणि घोंगडी ओढली. खाली नुसता ऊस होता.

मागच्याचं हसू विरलं. "अहो, पहाटेपासून म्या बोलत आलो त्याच्याशी!"

"तो काय बोलला?"

"व्हय, व्हय म्हणत हुता."

मी लगेच कारखान्याचा ट्रॅक्टर गाडी आली त्या वाटेनं पाठवला. वाटेवरच्या येरमाळा गावाजवळ रस्त्याकडेला तो माणूस पाय मोडून पडलेला सापडला, जिवंत. मध्यरात्रीच गाडीवरून पडलो, म्हणाला.

मागच्या गाडीवानानं ते ऐकलं आणि "मग व्हय कोण म्हणत हुतं?" असं पुटपुटत गाडी वळवून रांगेच्या शेवटी नेली.