सीटबेल्ट लावलेली बिअर

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये त्या दुपारी भयंकर ऊन होतं. गॅरेजमध्ये मी आयुष्यातली पहिली लागर बिअर आंबायला ठेवली होती. तिला थंडावा लागतो आणि गॅरेजची तर भट्टी झाली होती. बर्फ आणायला मी पेट्रोल पंपावर धावलो, तर शेवटच्या दोन पिशव्या एका म्हाताऱ्या बाईने नुकत्याच काखोटीला मारलेल्या.

"पार्टी आहे वाटतं?" माझा पडलेला चेहरा बघून तिने विचारलं.

"नाही, घरची लागर तापलीये."

ती हसली आणि मला तिच्या गाडीपाशी घेऊन गेली. आत एसी जोरात चालू होता. मागच्या सीटवर बिअरचं पांढरं पिंप सीटबेल्ट लावून बसलं होतं. घरचा एसी बंद पडल्यामुळे ती सकाळपासून त्याला समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवत होती. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा तिने पिंपाला तळहात लावून बघितला.

"आणि तुमचे मिस्टर?" तिच्या बोटातली लग्नाची अंगठी बघून मी विचारलं.

"होता की बरोबर. सारखी खिडकी उघडत होता, म्हणून घरी सोडून आले. त्याला उकाड्याची सवय आहे."

एक पिशवी माझ्या हातात देत "गुड लक, मेट," म्हणून ती निघून गेली. पुन्हा कधी दिसली नाही. पण ऊन तापलं की अजूनही माझी नजर शेजारच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाते.

माझी लागर मात्र वाचली नाही. उष्णतेने तिला पिकल्या केळ्यांचा वास लागला. बायकोने पहिला घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाली, "शिकरण छान झालीये."